बिल दिल्लीचं, पूर कोणाचा आणि गटार आपलं

नमस्कार श्रोतेहो.

उसाचं बिल थकलं की आपल्याकडे पहिली शिवी कारखान्याच्या चेअरमनला बसते आणि दुसरी सरकारला. चेअरमनचं एक सोडा. पण सरकार म्हणजे नेमकं कोणतं? माझी नोकरी पंचायत समितीत गेली, त्यामुळे टेबलाच्या आतल्या बाजूला बसून मी हे खूप पाहिलंय. माणूस तावातावानं येतो, अर्धा तास भांडतो, आणि त्याचं काम असतं तिसऱ्याच कचेरीत.

उसाचंच बघा. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर, किती, हे दिल्लीत ठरतं. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्र सरकार दर जाहीर करतं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तोही केंद्राचाच. गाळप परवाना मात्र पुण्यात बसणारे साखर आयुक्त देतात, आणि ते राज्याचे अधिकारी. कारखान्यानं पैसे थकवले तर वसुलीचा आदेश, म्हणजे आपण ज्याला आरआरसी म्हणतो, तोही तेच काढतात. मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती रक्कम वसूल करायचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे येतं. दर दिल्लीचा, बडगा पुण्याचा, वसुली सांगलीत नाहीतर साताऱ्यात. या सगळ्यात सरपंच कुठंच नाही. उसाची ट्रॉली निघते ती वाट कुणी अडवली असेल, तर मात्र आमदाराच्या मागं फिरायचं कारण नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. कायदा इंग्रजांच्या काळातला, पण आपल्या भावकीला तो अजून पुरून उरतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्याची आणि दोघांची सामाईक अशा तीन याद्या आहेत. रेल्वे केंद्राची, पोलीस राज्याचे, शिक्षण दोघांचं. पाठ करत बसू नका. पाण्याकडे तेवढं लक्ष द्या. पाणी हा राज्याचा विषय, पण नदी एका राज्यातून दुसऱ्यात गेली की केंद्राच्या यादीतली ५६ वी नोंद लागू होते. आणि आपली कृष्णामाई महाबळेश्वरात उगवते ती थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते.

२०१९ चा महापूर आठवा. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरही सांगतं. कोयनेतून किती पाणी सोडायचं, हे आपल्या राज्याचा जलसंपदा विभाग ठरवतो. खाली कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणात किती साठवायचं, हे कर्नाटक ठरवतं. दोघांचं जमलं नाही तर १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्यानं केंद्र लवाद नेमतं. कृष्णेसाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद झाला, २००४ मध्ये ब्रिजेशकुमार लवाद. तिकडे लवाद चालू राहतो आणि इकडे सांगलीच्या गावभागात पाणी शिरतं. तेव्हा घरं रिकामी करायचा आदेश काढतात जिल्हाधिकारी, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. बोटी घेऊन येणारी एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, केंद्राची. ओसरल्यावर शहरातला चिखल काढायचा महापालिकेनं. गावात पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. मदत येते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, आणि त्यात आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५.

आता एक बोचणारी गोष्ट. अलमट्टीच्या साठ्यानं आपल्याकडे पूर येतो, असं म्हणून तिकडे बोट दाखवणं सोपं आहे. तो वाद खरा आहे, मी तो खोटा म्हणत नाही. पण नदीकाठची निळी आणि लाल पूररेषा आपलाच जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, विनापरवाना उभं राहिलेलं पाडायचं की नाही, हे आपली महापालिका बघते. त्यात ना बंगळूर येतं ना दिल्ली. नगरसेवक मत मागायला दारात आला, की पूररेषेचं काय केलंत, असं विचारणारा मतदार मला अजून भेटायचाय.

खेड्यात घोटाळा वेगळाच. तलाठी आणि ग्रामसेवक एकाच चावडीच्या आसपास दिसतात, म्हणून दोघे एकाच खात्याचे असं वाटतं. तलाठी महसूलचा: जमिनीचे सातबारा, आठ-अ हे उतारे त्याच्याकडे, वर मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. ग्रामसेवकाच्या वर गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. घराचा उतारा नमुना आठचा, तो ग्रामपंचायतीत मिळतो. आठ आणि आठ-अ यांच्या घोळात म्हाताऱ्या माणसांच्या किती खेपा फुकट गेल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मध्यंतरी दोन्ही पदांची नावं बदलली, पण लोक जुन्याच नावानं हाक मारतात, म्हणून मीही तेच बोललो.

गावानं गावाचा कारभार बघावा, हे आपल्या मुलखाला नवं नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं जुन्या सातारा जिल्ह्यात न्यायदान मंडळं चालवली होती. पुढं देवराष्ट्र्याचे यशवंतराव मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा आल्या. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय घातले. कागदावर भरपूर. पण कोणते अधिकार प्रत्यक्ष खाली सोडायचे हे राज्य ठरवतं, आणि माझं मत विचाराल तर मुंबईची मूठ अजून पुरती सैल झालेली नाही. यात आपलाही हातभार आहे बरं का. गटाराचं निवेदन आपण खासदाराला देतो. तो हसून घेतो, फोटो निघतो, आणि ज्या ग्रामपंचायतीनं ते गटार करायचं तिला कुणी जाब विचारत नाही.

पैसा अगदीच येत नाही असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के आपल्या राज्यात ग्रामपंचायतींच्या वाट्याला आले; पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा. तो कशावर खर्च करायचा याचा आराखडा ग्रामसभेपुढं यावा लागतो. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पाच-दहा जण बसतात, रजिस्टरवर सह्या होतात आणि वर्षाचा आराखडा मंजूर.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस चावडीवर लागली, की तारखेखालचे विषय वाचा. आराखडा हा शब्द त्यात असेल, तर त्या दिवशी भांगलण दुपारनंतर ठेवा. नमस्कार.