तुवालू : पक्षांविना संसद

मित्रहो, पक्षविरहित लोकशाही म्हटले की आपल्याला जयप्रकाश नारायण आठवतात आणि ती कल्पना आदर्शांच्या कप्प्यात ठेवून आपण मोकळे होतो. पॅसिफिक महासागरातील तुवालूमध्ये मात्र १९७८ साली स्वातंत्र्य मिळाल्यापासून संसदेच्या निवडणुका पक्षांशिवायच होत आहेत, आणि तेही पक्षांवर कायद्याने बंदी नसताना. देशाची लोकसंख्या सुमारे ११ हजार, जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर. आठ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन असे १६ सदस्य निवडले जातात. आपल्या ग्रामपंचायतीप्रमाणे येथेही उमेदवाराचे घराणे, चर्चमधील वावर आणि बेटाच्या पारंपरिक सभेतील, म्हणजे फालेकाउपुलेतील, त्याचे स्थान मतदाराला आधीच ठाऊक असते.

यावरून गटबाजी नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पक्ष असलेल्या देशात मतदानापूर्वी होणारी जुळवाजुळव येथे मतदानानंतर होते, एवढाच खरा फरक. निवडून आलेले सदस्य राजधानी फुनाफुतीला जमतात, बोलणी करतात आणि गुप्त मतदानाने पंतप्रधान निवडतात. मतदार आपला प्रतिनिधी निवडतो. सरकार निवडण्याची संधी त्याला मिळत नाही. शिवाय पक्षादेश नसल्यामुळे बहुमत एकदोन माणसांच्या मनावर टांगलेले राहते. २०१० साली पंतप्रधान मातिया तोआफा तीन महिन्यांतच अविश्वास ठरावाने गेले. त्यांच्यानंतरच्या विली तेलावींचे संसदेतील बळ २०१३च्या पोटनिवडणुकीनंतर घटले, तरी ते संसद बोलवण्यास टाळाटाळ करीत राहिले. शेवटी ब्रिटनच्या राणीचे प्रतिनिधी असलेल्या गव्हर्नर-जनरलनी त्यांना बडतर्फ केले. सदस्यसंख्या तेव्हा १५ होती, म्हणजे एका जागेची किंमत किती, हे सांगायला नको.

२०२४ची निवडणूक मला अधिक बोलकी वाटते. २६ जानेवारीला मतदान झाले आणि पंतप्रधान कौसेया नतानो स्वतःच्या फुनाफुती मतदारसंघातच पराभूत झाले. नुकुलाएलाए बेटाचे दोन्ही सदस्य बिनविरोध आले होते. खराब हवामानामुळे काही सदस्यांना बोटीने राजधानी गाठायला विलंब झाला, म्हणून फेलेती तेओ यांची पंतप्रधानपदी निवड व्हायला २६ फेब्रुवारी उजाडला, आणि तीही बिनविरोध झाली. बाहेरच्या वृत्तपत्रांनी या निकालात तैवानविषयीचे धोरण, म्हणजे चीनऐवजी तैवानला दिलेली मान्यता, आणि ऑस्ट्रेलियाशी नोव्हेंबर २०२३मध्ये झालेला, सुरक्षा व स्थलांतरविषयक फालेपिली करार यांवरचा कौल शोधला. परंतु ज्या मतपत्रिकेवर फक्त माणसांची नावे आहेत, जिच्यामागे कोणाचाही देशव्यापी जाहीरनामा नाही, तिच्यातून असा कौल काढायचा कसा? नतानो यांनी केलेला करार तेओ यांच्या कारकिर्दीत, ऑगस्ट २०२४मध्ये अंमलात आला, आणि तैवानशी असलेले संबंधही नव्या सरकारने तसेच पुढे चालू ठेवले.