उद्यमनगरात पीडीपी-११

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर, संध्याकाळ. लेथचा आवाज.)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनं मशीन सहजासहजी भंगारात निघत नाही. पार्ट मिळेनासा झाला की इथला कारागीर झिजलेला पार्ट हातात घेतो, व्हर्नियर लावून मापं काढतो आणि लेथवर नवा करून देतो. अशाच एका वर्कशॉपच्या माळ्यावर मी लॅपटॉप उघडून बसलोय. मला चालू करायचाय पीडीपी-११. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७० मध्ये बाजारात आणलेला १६ बिटी मिनीकॉम्प्युटर.

त्याचं लोखंड माझ्याकडे नाही. आहे तो सिम-एच, बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला सिम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. त्यात जुन्या मशीनचे रजिस्टर (आकडे धरून ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्या जागा), डिस्क, टर्मिनल, सगळं सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय. आणि सी वाढली ती याच पीडीपी-११ वर!

(दृश्य : लॅपटॉपची स्क्रीन.)

कंपाइल करणं, म्हणजे त्या सी कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणं, सोपं. लिनक्सवर ‘मेक पीडीपी११’ म्हटलं की झालं. खरं काम पुढे आहे. ‘सिम>’ एवढंच दिसतं आणि मशीन तुमची वाट बघत थांबतं. मॉडेल कुठलं? ‘सेट सीपीयू ११/४०’. डिस्क कुठली? ‘अटॅच आरके०’, पुढे डिस्कच्या फाइलचं नाव. मूळची ही डिस्क १४ इंची, मावायचे जेमतेम अडीच एमबी. मोबाइलचा एखादा फोटो आज तेवढी जागा खातो. मग ‘बूट आरके०’. ‘@’ उमटलं की ‘युनिक्स’ टाइप करायचं. ही मशीन चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम, १९७५ ची सहावी आवृत्ती.

पहिल्या दिवशी ‘लॉगिन’च्या जागी भलतीच अक्षरं आली. डिस्कची फाइलच खराब असणार म्हणून मी दोन संध्याकाळी घालवल्या. दोष तिचा नव्हताच. हे युनिक्स अक्षराच्या सात बिटांसोबत (बिट म्हणजे ० किंवा १) आठवा पॅरिटी बिट, म्हणजे चूक पकडायला जोडलेला जादा बिट, पाठवतं. जुन्या टेलिटाइपला, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टर्मिनलला, त्याचं काही वाटत नसे, माझं टर्मिनल मात्र तोही अक्षरातच धरत होतं. सिम-एचच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घातली, ‘सेट टीटीओ ७बी’, म्हणजे टर्मिनलला सातच बिट दे, आणि ‘लॉगिन’ स्वच्छ उमटलं.

(दृश्य : जिन्यावर पावलं. ऑइलने माखलेले हात.)

खालचे मामा वर आले.

“झालं व्हय चालू? कुठला पार्ट गेलता?”

“एक बिट, मामा.”

त्यांनी चष्मा पुसला, स्टूल पुढं ओढलं. “आता काय करतंय, दाव बघू.”

मी ‘एलएस’ टाइप केलं. फायलींची नावं एकाखाली एक उतरू लागली.