आधी आपल्या वर्गाचं दार उघडा

श्रोतेहो, नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात शिक्षकसभेत एक यादी वाचली जाते. पाचवी अ चे वर्गशिक्षक कोण, सहल कुणाकडे, स्काउट-गाइड कुणाकडे, आणि त्यातच कुठेतरी विषयप्रमुख कोण. मराठीला अमुक बाई, विज्ञानाला तमुक सर. यादी संपते, चहा येतो. वर्षभर मुलांच्या पदरात काय पडणार हे बरंचसं त्या पाच-सहा नावांवर अवलंबून असतं. आज मला त्यांच्याविषयी, विषयप्रमुखांविषयी बोलायचं आहे. त्यांना हे काम कोण शिकवतं, याविषयी बोलायचं आहे.

मुख्याध्यापकांसाठी सोयी आहेत. दिल्लीला नीपा या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत 2012 साली शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. आपल्या छत्रपती संभाजीनगरला मिपा, म्हणजे तशीच राज्याची संस्था आहे. 2019 मध्ये निष्ठा हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम आला, तो 42 लाख शिक्षक आणि शाळाप्रमुखांसाठी. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तर शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांकडूनही वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. चांगलंच आहे ते. पण या दोघांच्या मधल्या पायरीवर जो उभा असतो, त्याचं काय? सहकाऱ्यांचं वार्षिक नियोजन तोच बघतो, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका आणि तिचा संविधान तक्ता, म्हणजे कुठल्या घटकाला किती गुण याचा आराखडा, तोच तपासतो, नव्या शिक्षकाला तोच सांभाळून घेतो. आणि तास संपला की पुन्हा त्याच शिक्षकखोलीत त्याच सहकाऱ्यांच्या शेजारी बसून डबा खातो. मुख्याध्यापकांना निदान वेगळी खोली असते.

मला हे काम मिळालं 1998 साली. तालुक्याच्या गावातली शाळा, गणिताचे आम्ही पाच शिक्षक. मुख्याध्यापक व्हरांड्यात भेटले आणि म्हणाले, "बाई, यंदापासून गणिताचं तुम्ही बघा." माझं सगळं प्रशिक्षण एवढंच, एका वाक्याचं.

ऑगस्टमध्ये पाठ निरीक्षणाला, म्हणजे सहकाऱ्यांचे तास मागे बसून पाहायला निघाले. पहिला तास पाहिला तो एका ज्येष्ठ सरांचा. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, सातवीला शेकडेवारी शिकवत होते. मी शेवटच्या बाकावर बसले आणि लॉगबुक, म्हणजे निरीक्षणाचे शेरे लिहायची वही उघडली. फळ्यावरचं लेखन तिरपं. मुलांना प्रश्न कमी. उदाहरणं पुस्तकातलीच. गृहपाठाच्या वह्या तपासलेल्या नाहीत. असे सात शेरे लिहिले, तेही लाल शाईने. सरांनी वाचले, खाली सही केली, तारीख घातली आणि लॉगबुक माझ्या हातात परत दिलं. एक शब्द बोलले नाहीत.

(शेकडेवारीवरून आठवलं म्हणून सांगते. ज्या मुलाला पावकी, निमकी आणि पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे येतात, त्याला 25, 50 आणि 75 टक्के वेगळे शिकवावे लागत नाहीत. आपण पाठांतराला नावं ठेवता ठेवता हे धन घालवून बसलो. तिसापर्यंतचे पाढे आणि पावकी-निमकी यांना रोज दहा मिनिटं वेळापत्रकात पुन्हा मिळायला हवीत. हे माझं ठाम मत आहे.)

तर, त्या शेऱ्यांनंतर सर मधल्या सुट्टीत वाचनालयात जाऊन बसायला लागले. प्रश्नपत्रिका मागितली की शेवटच्या दिवशी मिळायची, तीही शिपायाच्या हातून. बाकीच्या तिघांनाही कळायचं ते कळलंच होतं. मी व्हरांड्यातून चालले की गणिताच्या तासांची दारं आतून पुढे ओढली जायची. मला त्या दारांचा आवाज अजून आठवतो. सरांचं शिकवणं त्या सात शेऱ्यांनी सुधारलं का? तसूभरही नाही.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत आमचं वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण होतं. बारा वर्षं सेवा झाली की ते करावं लागतं, शिक्षक श्रोत्यांना ठाऊक आहे. तिथे एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला विचारलं, "तुमचा तास मागे बसून नीट, पूर्ण, तुमच्या भल्यासाठी म्हणून शेवटचा कुणी पाहिला? आणि कधी?" सभागृहात शंभर-एक शिक्षक होते. कुणीच बोलेना. मग मागून एक आवाज आला, "बी. एड. ला असताना." आणि सगळीकडे माना डोलल्या. बारा वर्षं! बारा वर्षं आम्ही बंद दाराआड शिकवत होतो.

सुट्टी संपल्यावर मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, उद्या चौथ्या तासाला तुम्ही मोकळे आहात. माझ्या आठवी ब मध्ये मागे येऊन बसाल?"

"कशाला?"

"मी प्रश्न कुणाकुणाला विचारते ते मला कळत नाही. तेवढंच बघा."

सर आले. हातात जुन्या प्रश्नपत्रिकेचा पाठकोरा कागद आणि शिसपेन्सिल. मधल्या सुट्टीत त्यांनी तो कागद माझ्या डब्याशेजारी ठेवला. त्यावर माझा वर्ग काढलेला होता. तीन रांगा, प्रत्येकीत नऊ चौकटी, सत्तावीस बाकं, चोपन्न मुलं. मी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकटीत एक ठिपका. एकूण 31 ठिपके. त्यातले 22 मधल्या रांगेच्या पहिल्या चार बाकांवर. आणि खिडकीकडच्या रांगेची शेवटची चार बाकं कोरी. आठ मुलं, एकही ठिपका नाही. मी त्या वर्गाला जूनपासून शिकवत होते.

सरांनी एका कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. म्हणाले, "बाई, ही मुलगी. तुम्ही फळ्याकडे वळलात ना, की हिचे ओठ हलत होते. उत्तर येत होतं तिला. दोनदा बरोबर पुटपुटली."

मी डबा तसाच झाकला. मला ते दिसलंच नव्हतं, आणि दिसणारही नव्हतं, कारण माझी पाठ होती तिकडे. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं. उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि बरोबर उत्तर दिलं.

कागद देऊन सर उठले तेव्हा म्हणाले, "आता माझ्या तासाला या. लॉगबुक नको. असाच कागद आणा." मार्चपर्यंत आम्ही पाचही जण एकमेकांच्या वर्गात मागे बसत होतो, आणि मी व्हरांड्यातून गेले तरी दारं उघडी राहायची.

श्रोतेहो, म्हणून मी सांगते. आधी आपल्या वर्गाचं दार उघडा, मग दुसऱ्याच्या वर्गात पाऊल टाका. विषयप्रमुखाच्या प्रशिक्षणात पहिला धडा हाच हवा. आधी आपलं दार, मग दुसऱ्याचं. सभागृहात तीन दिवस व्याख्यानं ऐकून हे येत नाही. त्याच शाळेत, त्याच सहकाऱ्यांबरोबर, वर्षभर थोडं थोडं करून येतं. तास पाहिल्यावर काय बोलायचं, आपल्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाशी कसं बोलायचं, विषयसभेत परिपत्रकं वाचून दाखवण्याऐवजी मुलांच्या वह्या मध्ये ठेवून कशी चर्चा करायची, याचा प्रत्यक्ष सराव हवा. चाळीस मिनिटांच्या सभेत चार वह्या पुरतात.

आणि याला वेळ लागतो. वेळापत्रक करणारे कुणी ऐकत असाल तर हात जोडून विनंती. एका विषयाच्या सगळ्या शिक्षकांना आठवड्यातून एक तासिका एकाच वेळी मोकळी ठेवा, आणि ती बदली तासाला, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळायला देऊ नका. तशी शिक्षकांची मोकळी तासिका आज उरली आहे कुठे? निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या, सगळं तिच्यातच भरलं जातं. ही कामं शिक्षकांकडून काढून घ्यायलाच हवीत, पण त्यावर एक वेगळं भाषण होईल.

तो कागद कसा करायचा ते पुन्हा सांगते, लिहून घेणाऱ्यांसाठी. पाठकोरा कागद चालतो. बाकांच्या चौकटी काढा. शिक्षकाने प्रश्न विचारला की त्या मुलाच्या चौकटीत ठिपका, मूल आपणहून बोललं तर फुली. शेरा एकही लिहायचा नाही. तास संपला की कागद ज्याचा तास त्याच्या हातात द्यायचा. दप्तरी ठेवायचा नाही, मुख्याध्यापकांना दाखवायचा नाही. आणि पहिला कागद विषयप्रमुखाच्या स्वतःच्या तासाचा.

नमस्कार.