ठरलेला रविवार, ठरलेलं मैदान

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय रग्बी लीगचा. सिडनीत 1908 पासून या खेळाची स्पर्धा चालू आहे, वर्तमानपत्रांची पानं त्यानं भरतात, टीव्हीवर तो घरोघरी पाहिला जातो. तरीही मोसमातल्या साध्या सामन्याला मैदान भरत नाही, ही तिथल्या क्लबांची जुनी तक्रार आहे. त्यावर एक उपाय पुन्हा पुन्हा सुचवला जातो. निवडक सामने एकाच मैदानावर, ठरलेल्या दिवशी, मोसमभर नेमानं भरवावेत. हा उपाय कुठे लागू पडतो, कुठे फसतो आणि करायचाच तर कसा करावा, ते आज पाहू.

खेळ नवा असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला 13 खेळाडू, 40 मिनिटांचे दोन डाव. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून अडवलं की एक टॅकल; चेंडू हातात असलेल्या संघाला अशा सहा टॅकलपर्यंत मुभा, मग चेंडू समोरच्याकडे. पंधरा खेळाडूंचं ते रग्बी युनियन, तो वेगळा खेळ. 1895 मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्ड गावात उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले, कारण कामगार खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायला जुनी संघटना तयार नव्हती. तिथून लीगची वाट वेगळी झाली.

आता सिडनीची अडचण. एनआरएल, म्हणजे ऑस्ट्रेलियाची मुख्य स्पर्धा, 2023 पासून 17 संघांची आहे. त्यातले 9 संघ सिडनी आणि लगतच्या परिसराचे. मोसम 27 फेऱ्यांचा, प्रत्येक संघ 24 सामने खेळतो, त्यातले 12 घरच्या मैदानावरचे म्हणून धरले जातात. 9 गुणिले 12 केलं की 108 होतात. काही सामने बाहेरगावी नेले जातात ते वजा केले तरी शंभराच्या आसपास सामने एकाच शहराला वाट्याला येतात, म्हणजे आठवड्याला जवळजवळ चार. ते सुद्धा गुरुवारी रात्री, शुक्रवारी संध्याकाळी, शनिवारी तीन वेगवेगळ्या वेळांना आणि रविवारी विखुरलेले. आपल्या संघाचा सामना या आठवड्यात कुठल्या वारी आणि किती वाजता, हे पाठीराख्यालाही दर वेळी शोधावं लागतं. वेळा ठरतात त्या प्रक्षेपणाच्या सोयीनं. चुकला एखादा सामना तर पुढच्या आठवड्यात दुसरा आहेच, असं वाटणं साहजिक आहे. चुकवता येणारी गोष्ट माणूस चुकवतो.

याच शहरात काही सामने मात्र भरभरून गर्दी खेचतात. गुड फ्रायडेला साऊथ सिडनी आणि कँटरबरी बुलडॉग्ज यांचा सामना ऑलिम्पिक पार्कच्या स्टेडियम ऑस्ट्रेलियावर होतो. 2025 मध्ये त्याला 65 हजारांहून जास्त लोक आले. ईस्टर मंडेला पॅरामाटा ईल्स आणि वेस्ट्स टायगर्स समोरासमोर येतात. पॅरामाटाचं नवं मैदान 2019 मध्ये उघडलं तेव्हा तिथला पहिला एनआरएल सामना याच जोडीचा होता. 30 हजारांच्या मैदानात 29,047 प्रेक्षक होते, आणि ईल्सनी 51-6 असा धुव्वा उडवला. 25 एप्रिलला, अँझॅक डेला, म्हणजे तिथल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या सुट्टीला, सिडनी रूस्टर्स आणि सेंट जॉर्ज इलावारा यांचा सामना 2002 पासून चालत आलेला आहे.

या तिन्हीत काय समान आहे ते पाहा. जोडी ठरलेली, दिवस ठरलेला. गावच्या जत्रेची तिथी जशी कुणाला विचारावी लागत नाही तसं. दोन्ही संघ गुणतक्त्यात तळाला असले तरी लोक येतात, कारण सुट्टी आधीच राखलेली असते, पाहुणे बोलावलेले असतात. गर्दीचं कारण सामन्याचा दर्जा हे अर्धंच आहे; उरलेलं अर्धं म्हणजे नेम.

एकाच मैदानावर सगळे संघ गोळा करण्याचा मोठा प्रयोगही झालेला आहे. 2019 च्या मे महिन्यात ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर, म्हणजे आजच्या सनकॉर्प स्टेडियमवर, पहिली मॅजिक राउंड भरली. चार दिवसांत एका फेरीचे आठही सामने. एकूण प्रेक्षकसंख्या 1 लाख 34 हजारांच्या वर मोजली गेली. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्याला आठनं भागा. सामन्यामागे साधारण 17 हजार येतात, म्हणजे एरवीच्या सरासरीपेक्षा फार निराळं काही नाही. कारण एका दिवसाचं तिकीट घेतलेला माणूस दोन किंवा तीन सामने पाहतो, आणि चारही दिवस आलेला माणूस चार वेळा मोजला जातो. हॉटेलं भरली, शहराची जाहिरात झाली, क्वीन्सलँड सरकार त्यासाठी पैसेही मोजतं, आणि उत्सव म्हणून तो उत्तम आहे. मोसमातल्या बाकीच्या 26 फेऱ्यांना त्यानं माणूस मिळतो का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. दोन्ही गोष्टी एकच समजून कुणी योजना आखली तर ती चुकणारच.

इंग्लंडचा अनुभव याहून बोलका आहे. तिथली मुख्य स्पर्धा सुपर लीग 2007 पासून अशीच एका मैदानावरची फेरी, मॅजिक वीकेंड, भरवते. सुरुवात वेल्समधल्या कार्डिफला, मग एडिनबरा, पुन्हा कार्डिफ, मग मँचेस्टर. नवा प्रदेश जिंकायचा म्हणून दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवत राहिले. 2015 मध्ये तो न्यूकासलच्या सेंट जेम्सेस पार्कवर आला आणि तिथे रुजला. 2016 मध्ये दोन दिवसांची बेरीज 68 हजारांवर गेली. मैदान शहराच्या मधोमध, स्टेशन चालत जाण्याजोगं, मुक्कामाची सोय आसपास. 2019 मध्ये तो लिव्हरपूलच्या ॲनफील्डवर नेला. ॲनफील्ड हे जगप्रसिद्ध नाव, तरी आदल्या वर्षीचे सुमारे 64 हजार खाली येऊन 57 हजारांच्या आसपास राहिले. 2021 मध्ये स्पर्धा पुन्हा न्यूकासलला आली. नावाच्या मोठेपणापेक्षा लोकांच्या पायाखालची वाट जास्त माणसं आणते, असा आमचा यातून काढलेला निष्कर्ष आहे.

आता मैदान निवडायचं. इथेच सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून जरा थांबून बोलतो. मोठं मैदान म्हणजे मोठी गर्दी असं वाटतं. ब्रिस्बेन ब्राँकोज 1993 मध्ये लँग पार्क सोडून शहराच्या दक्षिणेकडच्या क्यूईटू स्टेडियमवर गेले. 1982 च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं ते मैदान. पहिल्या वर्षी सरासरी 43 हजारांच्या वर गेली, सगळे खूश झाले. पुढे ती ओसरत गेली. मधल्या काळात दोन संघटनांचं भांडण पेटलं, त्याचाही फटका बसला हे खरं. पण मैदानाभोवतीच्या धावण्याच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक खेळापासून लांब बसत, आणि 20 हजार माणसं त्या विस्तारात विरळ दिसत. लँग पार्क नव्यानं बांधून झालं तसे ब्राँकोज 2003 मध्ये तिथे परतले.

सिडनीत स्टेडियम ऑस्ट्रेलिया ऑलिम्पिकसाठी बांधलं गेलं. 6 मार्च 1999 रोजी ते उघडलं तेच रग्बी लीगच्या जोडसामन्यानं. 1,04,583 माणसं आली होती. नवं स्टेडियम पाहायची उत्सुकता त्यात मोठी होती, आणि तशी उत्सुकता एकदाच येते. आज तिथे सुमारे 83 हजारांची सोय आहे. साध्या रविवारी 15 हजार आले तर पाचातल्या चार खुर्च्या रिकाम्या. आवाज उठत नाही, टीव्हीवर रिकामे स्टँड दिसतात, आणि घरी बसलेला माणूस आपण गेलो नाही ते बरं केलं असं म्हणतो. पॅरामाटाच्या 30 हजारी मैदानात तेच 15 हजार अर्धं मैदान भरतात, 22 हजार आले तर तिकीट संपतंय की काय असं वाटू लागतं. म्हणून नेमाच्या सामन्यांसाठी पॅरामाटाच योग्य. शहराच्या पश्चिमेला, जिथे लोकवस्ती वाढतेय तिथे ते आहे, रेल्वे जवळ आहे, डिसेंबर 2024 पासून लाइट रेलही आहे. शेजारच्या हॅरिस पार्कला डोसा किंवा चाट खायला जाणाऱ्या आपल्या मंडळींना मैदान पायी गाठता येतं.

योजना अशी. पॅरामाटा सोडून उरलेल्या 8 सिडनी क्लबांनी आपल्या 12 घरच्या सामन्यांपैकी प्रत्येकी एक या मैदानाला द्यावा. आठ सामने, 27 फेऱ्या, म्हणजे साधारण दर तिसऱ्या आठवड्याचा रविवार. एकाहून जास्त मागू नये. मॅन्लीच्या पाठीराख्याला ब्रुकव्हेल आणि टायगर्सवाल्याला लायकार्ट ओव्हल जिवापाड प्रिय आहे, तिथल्या गवताच्या टेकडीवर बसायला तो येतो. ते सामने ओरबाडले तर नवा प्रेक्षक मिळायच्या आधी जुना दुखावेल. दुसरा नियम, पाहुणा संघ पॅरामाटा नसावा. नाहीतर यजमान क्लब स्वतःचा घरचा सामना प्रतिस्पर्ध्याच्या घरी खेळेल.

पैशाचा हिशेब लिहून ठेवल्याशिवाय पाऊल टाकू नये, कारण अशा योजना बहुतेक तिथेच मोडतात. यजमान क्लबाला त्या सामन्याचं हमी उत्पन्न द्यावं. त्याच पाहुण्या संघाविरुद्धच्या मागच्या तीन घरच्या सामन्यांची सरासरी काढावी. समजा ती 12 हजार तिकिटांची आहे. तर 12 हजारांपर्यंतची सगळी रक्कम क्लबाची, त्यापुढची निम्मी क्लबाला, निम्मी लीगला, आणि लीगनं तिच्यातून जाहिरात आणि प्रवासखर्च भागवावा. ज्यांनी वर्षाचा पास घेतलाय त्यांना त्याच पासवर, एकत्र, चांगल्या जागी बसवावं. वार्षिक सभासदाला गोलखांबामागे ढकललं तर पुढच्या वर्षी तो पास घेत नाही.

वेळ मोसमाप्रमाणे बदलावी. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी 4 ची वेळ चांगली. जून-जुलैत सिडनीत पाचच्या आसपास सूर्य मावळतो, थंडी वाजते, तेव्हा दुपारी 2 ला सुरू करावं. एक सामना मध्यंतर आणि थांबे धरून पावणेदोन तासांत आटोपतो, म्हणजे मुलं अंधार पडायच्या सुमारास घरी पोचतात आणि सोमवारची शाळा बुडत नाही. सोमवार रात्रीचे सामने 2016 नंतर बंद झाले, ते बरंच झालं.

मुख्य सामन्याआधी एक सामना हवाच. सिडनीत पूर्वी एकाच मैदानावर तिसरी फळी, राखीव फळी आणि पहिली फळी असे तीन सामने दिवसभर चालत. ती पद्धत परत आणावी. जुलैपासून महिलांचा एनआरएलडब्ल्यू सामना लावावा, त्याआधी 21 वर्षांखालच्यांच्या जर्सी फ्लेग स्पर्धेचा. बदली खेळाडू धरून प्रत्येक संघाचे 17 जण, दोन्ही संघ मिळून 34. प्रत्येकाच्या घरचे आणि मित्र आले की काही शे माणसं लवकर आत येतात, आणि शेवटच्या अर्ध्या तासात दारावर होणारी चेंगराचेंगरीही कमी होते. मात्र दिवसात तीनपेक्षा जास्त सामने नकोत. हिवाळ्यात सिडनीतलं काऊच गवत झोपी जातं, वर राय गवत पेरलेलं असतं, आणि ते पावसात सारखं तुडवलं की मधल्या पट्ट्यात, जिथे बहुतेक टॅकल होतात तिथे, आधी उखडतं. फुटबॉलचा वाँडरर्स संघही याच मैदानावर खेळतो, म्हणून लागोपाठच्या तारखा जुळवताना मैदान राखणाऱ्या कर्मचाऱ्यांचं मत आधी घ्यावं.

बसवण्याचंही तंत्र आहे. कॅमेरे सहसा पश्चिमेकडे असतात आणि समोरचा पूर्वेकडचा स्टँड पडद्यावर दिसतो. म्हणून आधी पूर्वेचा खालचा मजला भरावा, वरचा मजला 18 हजार तिकिटं विकली गेल्यावरच उघडावा. दुपारचं ऊन पूर्वेच्या स्टँडवर तोंडावर येतं. जुलैत ते हवंहवंसं, मार्चमध्ये त्रासदायक, म्हणून मार्चमध्ये तिथली तिकिटं स्वस्त असावीत. तिकिटातच बस-रेल्वेचा प्रवास धरावा, जसा लँग पार्कला धरतात. मॅन्लीसारख्या क्लबासाठी वेगळी सोय लागते, कारण ब्रुकव्हेलला रेल्वे नाही. तिथून थेट बस सोडल्याशिवाय त्यांचा पाठीराखा पॅरामाटाला येणार नाही.

तारखा आधी जाहीर होणं सगळ्यात महत्त्वाचं. वेळापत्रक साधारण नोव्हेंबरमध्ये येतं. हे आठ रविवार त्याच दिवशी, वेळेसकट, पक्के व्हावेत आणि प्रक्षेपणाच्या मागणीवरून नंतर हलवू नयेत. एकदा हलवला की लोक पुढचा रविवार राखून ठेवत नाहीत.

योजना चालली की नाही हे विकलेल्या तिकिटांवरून ठरवू नये. दारावर प्रत्यक्ष स्कॅन झालेली माणसं मोजावीत, त्यात पहिल्यांदा तिकीट घेणारे किती ते वेगळे काढावेत, आणि त्यातले किती जण त्याच मोसमात दुसऱ्या एखाद्या मैदानावर गेले तेही पाहावं. यजमान क्लबाच्या उरलेल्या 11 सामन्यांची सरासरी घसरली, तर गर्दी वाढलेली नाही, फक्त इकडून तिकडे सरकली आहे. असं लागोपाठ दोन मोसम दिसलं तर आठाचे सहा करावेत, आणि कुठले दोन कमी करायचे हे त्या क्लबांच्या सभासदांना विचारून ठरवावं.