थोथचा बबून

हे हाड नीट बघा. सरळ असायला हवं होतं, पण धनुष्यासारखं वाकलंय. इजिप्तमध्ये लक्सरजवळच्या माकडांच्या दफनभूमीत 1905-06 साली बबून या मोठ्या माकडांच्या ममी सापडल्या. त्यांच्या हाडांचा सविस्तर अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांच्या हाडांवर आजाराच्या खुणा होत्या, कित्येकांना मुडदूस झाला होता.

अंगावर ऊन पडलं नाही, की ड जीवनसत्त्व तयार होत नाही. त्याच्याशिवाय अन्नातलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मग वाढत्या वयातलं मऊ हाड अंगाच्या भारानं वाकतं. म्हणजे ही जनावरं लहानपणापासूनच बंदिस्त जागेत, अपुऱ्या उन्हात वाढली.

आणि हीच जनावरं सूर्याची उपासक मानली जात! हमाद्रियास जातीचे बबून रात्री उभ्या कड्यांवर झोपतात. सकाळी गारठलेलं अंग शेकत ऊन खात बसतात. इजिप्तच्या लोकांना त्यात प्रार्थना दिसली. अबू सिंबेलच्या मोठ्या मंदिराच्या माथ्यावर बघा: हात उंचावलेल्या बबूनांची रांग, तोंडं उगवतीकडे.

लेखन आणि गणनेचा देव थोथ याचंही हे रूप. आनीच्या पपायरसवर, म्हणजे मृतासाठीच्या मंत्रांच्या प्राचीन चित्रमय गुंडाळीवर, मृताचं हृदय सत्याच्या पिसाशी तोललं जातंय आणि तराजूच्या खांबावर एक छोटा बबून बसलाय. तोल बरोबर आहे ना, यावर त्याची नजर. मूर्तींमध्ये खांद्यावरून उतरणारी आयाळ दिसते, ती फक्त नराची. वीसेक किलोच्या नरापुढे तपकिरी मादी जेमतेम निम्मी भरते.

पण हा प्राणी मूळचा इजिप्तचा नाहीच. तो इथिओपिया, इरिट्रिया, सोमालिया आणि समुद्रापलीकडे येमेन, सौदी अरेबियात राहतो. इजिप्तची राणी हातशेप्सुत हिच्या मंदिरातल्या कोरीवकामात पुंत या दूरच्या व्यापारी देशाहून निघालेल्या जहाजांवर बबून दिसतात. हा पुंत नेमका कुठे, यावर दीडशे वर्षं वाद चालला.

उत्तराचा धागा दातांत मिळाला. दाताचं एनॅमल बालपणी घडतं, नंतर बदलत नाही. त्यातलं स्ट्राँशियम हे मूलद्रव्य जन्मभूमीच्या मातीची खूण जपतं. हाडं मात्र आयुष्यभर बदलत राहतात. दोन्ही ताडून पाहिल्यावर कळलं, की नव्या राज्याच्या काळातले (सुमारे इ.स.पू. 1550 ते 1070) तपासलेले बबून परदेशात जन्मले होते. त्यानंतर कित्येक शतकांनी आलेल्या टोलेमी या ग्रीक राजघराण्याच्या काळातले मात्र इजिप्तमध्येच. पुढे लक्सरच्या दहा ममींतून डीएनए काढायचा प्रयत्न झाला. एकीतूनच तो मिळाला आणि जुळला इरिट्रियाच्या किनारी भागातल्या बबूनांशी. प्राचीन अडुलिस बंदर याच किनाऱ्यावर होतं, म्हणजे पुंतही याच भागात असावा.