गुंता खाली, कारण वर
(सोलापुरात घरी गणवेश शिवणाऱ्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, ही चिंधी आधी हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. काल संध्याकाळी तुमच्यातलीच एक जण ती घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, बॉबिन बिघडली." वरून शिवण बरी दिसते. उलटून बघा, खाली फणीतून काढावा तसा गुंतवळ झालाय. मी तिच्याच मशीनवर वर निळा दोरा लावला, खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, म्हणजे बॉबिनमध्ये, लाल भरला आणि परत शिवलं. गुंतवळ झालाच, पण तो सगळा निळा होता. म्हणजे वरच्या दोऱ्याचा. बॉबिनचा लाल दोरा मुकाट्याने सरळ चालला होता.

हे तुमच्या डोळ्यांनी बघावं म्हणून मी चिंधी आणली. खाली गुंता दिसला की आपला हात थेट बॉबिन केसच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीच्या, स्क्रूकडे जातो, आणि तिथेच चांगलं चाललेलं मशीन बिघडतं.

टाका पडतो कसा ते सांगते. सुई खाली जाऊन वर यायला लागली की नेढ्यापाशी दोऱ्याचा बारीकसा फुगा होतो. बॉबिन केसभोवती फिरणाऱ्या शटलची चोच त्यात शिरते, फुगा ओढून मोठा करते आणि तो फास अख्ख्या बॉबिन केसभोवती फिरवून आणते. हो, दर टाक्याला वरचा दोरा पूर्ण बॉबिनला वळसा घालतो. मग समोर वरखाली होणारा दांडा तो जास्तीचा दोरा वर खेचून घेतो आणि गाठ कापडाच्या मधोमध बसते. पण वरचा दोरा दाबून धरणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्यांनी तो पकडलेलाच नसेल, तर दांडा खाली गेलेला जास्तीचा दोरा ओढण्याऐवजी वरच्या रिळातून नवा ओढतो. खालचे फास खालीच राहतात. तोच हा गुंतवळ.

एलायस हाऊने अमेरिकेत १८४६ साली दोन दोऱ्यांच्या शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात खालचा दोरा मागासारख्या धोट्यातून जात होता. आपण शटल म्हणतो ते त्या धोट्याचंच इंग्रजी नाव. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी माग होते त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझ्यावर हे बेतलं ते शाळा उघडायच्या तोंडावर. जूनचा पहिला आठवडा, चाळीस शर्ट द्यायचे होते. खाली गुंता व्हायला लागला. मी स्क्रू आवळला, गुंता तसाच. आणखी आवळला, तर दोरा तुटायला लागला. दुरुस्तीवाल्याने शटल गेलं म्हणून नवं घातलं, पैसे घेतले. घरी आणून शिवलं तर पुन्हा तेच. ती रात्र रडण्यात गेली. सकाळी शेजारच्या वयस्क काकूंनी बघितलं, मशीनचा पाय, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरतो तो, वर उचलला, दोरा काढून पुन्हा ओवला आणि म्हणाल्या, "आता शिव." पाय खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. मी घाईत तसाच दोरा ओवला होता, तो चकत्यांच्या मध्ये बसलाच नव्हता. एवढंच होतं. म्हणून कळकळीने सांगते, गुंता झाला की सगळ्यात आधी पाय उचला आणि वरचा दोरा पहिल्यापासून ओवा. शिवताना मात्र पाय खाली आहे ना, तेही बघा. सुई बोथट असेल तर बदला. सुईची लांब खाच दोरा ओवता त्या बाजूला हवी. उलटी बसली तर टाका सुटतो.

आता खरंच बॉबिनचा दोष कधी? खालचा दोरा कापडावर ठिपक्यांसारखा वर दिसतो तेव्हा. त्यातही आधी वरचं टेन्शन थोडं सैल करून बघा. नाही गेलं, तर केस हातात घ्या. बॉबिन आत, आणि दोऱ्याचं टोक धरून केस लोंबती सोडा. स्थिर लटकली पाहिजे, हलका झटका दिला की दोन-तीन बोटं खाली सरकून थांबली पाहिजे. सरसर खाली गेली तर सैल, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट.

सैल असली तरी स्क्रूला हात लावू नका. केसच्या बाहेरची पातळ पत्ती दिसते? तिच्याखालून दोरा जातो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या केसमध्ये तिथे डोक्याच्या केसाएवढ्या जाडीचा कापसाचा पापुद्रा दबला होता. ती टॉवेलच्या कडा दुमडून शिवते. टॉवेलचं तूस इतकं सुटतं की दोन-तीन बॉबिन संपेपर्यंत शटलच्या खोबणीत नमदा बसतो. पत्ती त्या पापुद्र्यावर टेकली होती, दोऱ्यावर नाही. जाड कागदाची कड पत्तीखालून सरकवली, पापुद्रा निघाला, टाका बसला.

त्यानंतरही फिरवायचाच असेल, तर स्क्रू आधी कसा आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत सरकतो, तेवढाच फिरवा आणि पुन्हा लटकवून बघा. हे काम स्टीलच्या ताटात करा. तो स्क्रू तिळाएवढा असतो, शहाबादी फरशीच्या फटीत गेला की सापडत नाही.

बॉबिन भरण्याबद्दल तुमच्या सासवांना विचारा. मागाच्या धोट्यातली दोऱ्याची कांडी ढिली भरली की धोटा अडतो, हे त्यांनी हाताने शिकलेलं आहे. बॉबिनही तशीच, घट्ट आणि सारखी भरा. काठोकाठ नको, आणि उरलेल्या जुन्या दोऱ्यावर नवा तर अजिबात नको. साध्या काळ्या मशीनची बॉबिन सुमारे २० मिलिमीटर रुंद आणि साडेअकरा-बारा मिलिमीटर उंच असते. कारखान्यातल्या मोटारीच्या मशीनची त्याहून बुटकी आणि किंचित रुंद. डब्यात दोन्ही एकत्र ठेवल्या की हमखास घोटाळा होतो. दुकानात जाताना आपली जुनी बॉबिन सोबत न्या. कड वाकलेली किंवा खरबरीत झालेली बॉबिन फेकून द्या, जीव लावू नका.

तेलाचा प्रश्न आलाय. खोबणीत एकच थेंब, तोही मशीनच्या तेलाचा, तूस काढल्यानंतर. खोबरेल घालू नका, ते चिकट होऊन तूस धरून ठेवतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर वीतभर शिवा, मग गणवेशाचं पांढरं कापड घ्या.

ज्यांनी केस आणली आहे त्यांनी पुढे या, एकेक लटकवून बघू.