बाईंच्या मदतीला कोण?

[दृश्य: कर्णबधिर विद्यालयातला दुसरीचा वर्ग. बाकं अर्धवर्तुळात मांडलेली, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसेल.]

परिपाठ झाला. आता खरं तर पहिला तास सुरू व्हायला हवा, पण बाईंनी अजून पुस्तक उघडलेलं नाही. आधी मुलांच्या कानातली श्रवणयंत्रं तपासायची आहेत.

एकेक मूल पुढे येतं. बाई त्याच्या मागे उभ्या राहतात, ओठ दिसू नयेत म्हणून. आणि नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी काढतात. आ. ऊ. ई. म. श. स. ऐकू आला की मुलानं हातातला मणी डब्यात टाकायचा. हे सहा ध्वनी डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञांनी निवडले. बोलण्यातल्या अगदी खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा सगळा टापू त्यांत येतो. 'म'ला मणी पडला आणि 'स'ला पडला नाही, तर बाईंना लगेच कळतं की वरच्या पट्टीतलं या मुलापर्यंत पोचत नाहीये. मग शोधाशोध. सेल उतरलाय का? नळीत पाणी साचलंय का? की साचाच सैल झालाय?

[दृश्य: तळहातावर कानाचा साचा. पारदर्शक, बोटाच्या पेराएवढा.]

कानात बसणारा हा साचा मुलाच्या कानाचा ठसा घेऊन बनवतात. मुलाचा कान वाढत राहतो, साचा तेवढाच राहतो. मग फट पडते, यंत्रातून निघालेला आवाज त्या फटीतून बाहेर येतो, परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजायला लागते. शिट्टी बंद करायचा सोपा उपाय म्हणजे यंत्राचा आवाज कमी करणं. घरोघरी तेच होतं. शिट्टी थांबते आणि मुलाचं ऐकणंही थांबतं. नवा साचा करून देणारं माणूस तालुक्याला नसतं, कित्येकदा जिल्ह्यालाही नसतं.

सेलचंही तसंच. कानामागच्या जास्त ताकदीच्या यंत्रांना ६७५ नंबरचा, निळ्या स्टिकरचा सेल लागतो. स्टिकर काढला की सेलमध्ये हवा शिरते आणि तो चालू होतो. पुन्हा चिकटवून तो वाचत नाही. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं असतं. हे सगळं पालकांना कुणी सांगायचं? बाईच सांगतात. दर जूनला सांगतात, नव्या पालकांना पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

वेळापत्रकात या कामाला जागा नाही. ते पहिल्या तासातून कापून घ्यावं लागतं.

[दृश्य: बाईंचा चेहरा, अगदी जवळून. आवाज पूर्ण बंद. बाई तीन शब्द उच्चारतात.]

आता थोडा वेळ आम्ही आवाज बंद करतो. ओठ वाचून पाहा.

[सहा सेकंद शांतता.]

बाई म्हणाल्या: पाय, बाय, माय. तीनही वेळा ओठ एकसारखे मिटले आणि उघडले. प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. क, ग, ह तर घशाकडेच राहतात, ते दिसतच नाहीत. तरीही 'माझ्या तोंडाकडे बघ, कळेल' असं आपण या मुलांना बिनदिक्कत सांगतो. संदर्भ माहीत असेल तर ओठांची मदत होते. ज्या मुलाकडे अजून भाषाच नाही, त्याला संदर्भ कुठून येणार?

बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात. ऐकू येणारं मूल शाळेत येतं तेव्हा रुसणं, मागणं, गोष्ट सांगणं, खोटं बोलणं, सगळं मराठीत करून आलेलं असतं. कर्णबधिर मुलाचं ऐकणं उशिरा तपासलं गेलं आणि घरात कुणालाच सांकेतिक भाषा येत नसली, तर ते सहाव्या वर्षी शाळेत येतं तेव्हा त्याच्याकडे आईला सांगण्यासाठी चार-दोन घरगुती खुणा असतात. त्याला पुस्तक शिकवण्याआधी बाईंना भाषा द्यायची असते. एवढं मोठं काम आपण साध्या वर्गातल्या शिक्षकाकडे कधी मागत नाही.

[दृश्य: फळा. वर तारीख आणि वार. खाली 'बातमी'.]

त्यासाठी एक तास असतो, बातमीचा. मला हा तास शाळेतला सगळ्यात मोलाचा वाटतो. मुलं घरची बातमी आणतात. कुणी बसचं तिकीट आणतं, कुणी बोटाची पट्टी दाखवतं. आज एक मुलगा उठलाय. त्यानं मिशीवर बोट फिरवलं, हातानं लांबवर दाखवलं, मग दोन्ही मुठींनी स्टिअरिंग फिरवलं. बाई विचारतात: कोण आलं? तू गेलास की ते आले? कधी? कालची गोष्ट की आजची? मुलगा वहीत लिहितो: 'मी मामा गाव जातो काल.'

हे वाक्य चुकीचं आहे, पण रिकामं नाही. मामा आहे, गाव आहे, काल आहे. 'च्या' नाही, 'ला' नाही, 'गेलो' नाही. मराठीतले हे प्रत्यय बोलताना निसटते, हलके येतात. यंत्रातून ते नीट पोचत नाहीत आणि ओठांवर दिसत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेत कोण कुठून कुठे गेलं हे हाताच्या दिशेनं आणि समोरच्या जागेतून सांगतात, तिथे प्रत्यय लागतच नाहीत. मुलाला काय म्हणायचंय ते हातांच्या भाषेत पूर्ण समजून घ्यायचं, मग तेच मराठीत लिहून दाखवायचं: 'काल मी मामाच्या गावाला गेलो.' बाईंना दोन्ही भाषा चांगल्या यायला हव्यात. पहिली कच्ची असेल, तर बातमी मिशीवरच अडते. मामा कळतो. तिथे काय घडलं, मुलगा एवढा का हसतोय, ते कळत नाही.

आणि नेमकी ही हातांची भाषाच आपण बाईंना दिलेली नाही.

[दृश्य: मुंबई. वांद्रे रेक्लमेशन. संस्थेची इमारत बाहेरून.]

याला इतिहास आहे. १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. बधिर प्रतिनिधी तिथे जवळपास नव्हतेच. ठराव झाला की शिकवायचं ते तोंडी, हातवारे वर्गाबाहेर. त्याच दशकात मुंबईत भारतातली पहिली कर्णबधिरांची शाळा उभी राहिली. पुढे शंभर वर्षं आपल्याकडचं शिक्षण बहुतांशी याच वाटेनं गेलं. आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी शिक्षकांना विशेष शिक्षणाची पदविका करताना बजावलेलं असायचं की मुलांसमोर खुणा करू नका, त्यानं बोलणं मागे पडतं. मिलानच्या त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत.

आपल्याकडेही वारं बदललं. वांद्र्याची, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली सुरू झाली, तिथे पुढे सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रमही आले. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्यांचा शब्दकोश २०१८ साली ३,००० शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ पर्यंत १०,००० वर गेला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात या भाषेचं प्रमाणीकरण आणि तीत अभ्याससाहित्य करण्याची गोष्ट लिहिली गेली. त्याच वर्षी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची शालेय पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्याचा करार झाला. २०२४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या या शैक्षणिक उपक्रमाची ३१ नंबरची टीव्ही वाहिनी या भाषेसाठी सुरू झाली.

हे सगळं चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे. पण वर्गातल्या बाई त्याच आहेत. पंचवीस वर्षं 'खुणा नकोत' या शिस्तीत काढल्यावर त्यांना एक दिवस सांगितलं गेलं की आता सांकेतिक भाषेत शिकवा. भाषा अशी हुकमावर येत नाही.

[दृश्य: वसतिगृहाचा व्हरांडा. आठवी-नववीच्या मुली गप्पा मारताहेत, हात भराभर चालताहेत.]

मग शिक्षक ती शिकतात कुठे? बऱ्याच शाळांमध्ये उत्तर एकच मिळतं: मुलांकडून. मोठ्या मुली बाईंचे हात धरून खूण सुधारून देतात. बाईंना त्यांनी खुणेचं नावही दिलेलं असतं, कुणाचं कपाळावरच्या टिकलीवरून, कुणाचं चष्म्यावरून. या नात्यात गोडवा आहे. पण 'लोकशाही' किंवा 'प्रकाशसंश्लेषण' कसं दाखवायचं हे मुली सांगू शकत नाहीत, कारण तेच शिकायला तर त्या आल्यात. मग प्रत्येक शाळा आपापली खूण तयार करते आणि पुढच्या शाळेत ती कुणाला कळत नाही.

विशेष शिक्षकांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी ठेवावी लागते आणि ठरावीक मुदतीनं नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. ते बहुधा दोन-तीन दिवसांच्या चर्चासत्रांतून मिळतात. सभागृह, व्याख्यानं, जेवण, प्रमाणपत्र. माझं स्पष्ट मत आहे की यातला मोठा वाटा वर्षभर चालणाऱ्या सरावाला मिळावा. आठवड्यातून एकदा, आपल्याच शाळेत, बधिर प्रशिक्षकासमोर बसून. समोरच्याला ऐकू येत नसलं की आपोआप हात वापरावे लागतात, तोंडानं पळवाट काढता येत नाही.

[दृश्य: साधी जिल्हा परिषद शाळा. चौथीचा भरलेला वर्ग. एका मुलाच्या कानामागे यंत्र.]

सगळी मुलं विशेष शाळेत नसतात. या वर्गात एकच कर्णबधिर मुलगा आहे. त्याच्या गुरुजींनी कुठलीही पदविका केलेली नाही. ते फळ्यावर लिहिता लिहिता बोलतात आणि पाठ फिरली की त्या मुलाचा धडा तिथे तुटतो. खिडकीला पाठ करून उभे राहिले की चेहरा अंधारात जातो. डोक्यावर पंखा खडखडतो. यंत्र पंख्याचा आवाजही तितक्याच इमानानं मोठा करतं. मागच्या बाकावरून कुणी उत्तर दिलं तर ते या मुलाला कळतच नाही. गुरुजींनी ते पुन्हा म्हटलं, तरच तो चर्चेत राहतो. शिक्षकाच्या गळ्यातला छोटा माईक थेट मुलाच्या यंत्राशी जोडता येतो, पण तो शाळेत आहे कुणाच्या?

गुरुजींना हे दाखवून देणारा विशेष शिक्षक अनेक शाळांसाठी मिळून एक असतो. वर्षानुवर्षं ही माणसं कंत्राटावर राहिली. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली साध्या शाळांसाठी प्रमाण सांगितलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. २०२५ च्या मार्चमध्ये राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की पदं मंजूर करा.

आपल्याकडे विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, साध्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. स्वतंत्र विभाग २०२२ साली झाला, ते योग्यच झालं. पण नवं पाठ्यपुस्तक येतं तेव्हा त्याच्या प्रशिक्षणाच्या यादीत विशेष शाळेच्या बाईंचं नाव असलंच पाहिजे, हे दोन्ही विभागांनी मिळून पाहायला हवं.

[दृश्य: पुन्हा विशेष शाळा, सातवीचा वर्ग. फळ्यापाशी दोघं: ऐकू येणाऱ्या बाई आणि एक बधिर शिक्षक.]

एक गोष्ट मात्र बाकी सगळ्याआधी व्हावी असं मला वाटतं. शाळेत बधिर शिक्षक हवा.

इथे विज्ञानाचा तास दोघं मिळून घेताहेत. सर संकल्पना हातांनी उलगडतात, बाई तिचं मराठी फळ्यावर उतरवतात. एखादी मुलगी बुचकळ्यात पडली की सरांना तिच्या कपाळावरच्या आठीवरून कळतं. तास संपल्यावर बाई सरांना गाठतात: ती 'बाष्पीभवन'ची खूण परत दाखवा. सर त्यांच्याकडून एका अर्जातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून घेतात. मोठं झालेलं, कमावतं, वर्गावर अधिकारानं उभं राहिलेलं बधिर माणूस यातल्या काही मुलांनी याआधी पाहिलेलंच नव्हतं.

बधिर व्यक्तींसाठी सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका आहे, ती करून तयार झालेली माणसं आहेत. अडतं ते पदापाशी. शाळेच्या मंजूर कर्मचाऱ्यांच्या यादीत अशा शिक्षकाची जागा नसेल, तर संस्था मानधनावर एक वर्ष ठेवते, दुसऱ्या वर्षी पैसे संपतात. अशी जागा निर्माण करणं शाळेच्या हातात नाही, शासनाच्या हातात आहे. आणि सांकेतिक भाषेत पात्र असलेल्या दिव्यांग शिक्षकांना प्रशिक्षण द्या, नोकरीत घ्या, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलेलं आहे.